2050 चा आराखडा, घरच्या घरी

शहराचा आराखडा करायचाय ना, मग सगळ्यात आधी साल निवडा. नवशिके इथेच चुकतात, आधी नकाशा पसरतात, रस्ते मोजतात, पाण्याचा हिशोब मांडतात. असलं काही करायचं नाही. साल असं पाहिजे की ते उजाडेपर्यंत तुम्ही रिटायर होऊन गावाला कलमांना पाणी घालत असाल. 2050 मस्त आहे, शेवटी शून्य आहे, भाषणात पण बरं वाटतं. 2047 सुद्धा सध्या चालतंय.

जवळचं साल घेतलं की काय होतं ते आम्हा ठाणेकरांच्या खाडीपलीकडच्या पाव्हण्यांना, म्हणजे नवी मुंबईकरांना विचारा. 1965 च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता हे आर्किटेक्ट आणि शिरीष पटेल हे इंजिनीअर यांनी सांगितलं की मुंबई उत्तरेकडे ताणत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर काढा, मग 1970 ला ते शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, 95 गावांची मिळून 344 चौरस किलोमीटर जमीन घ्यायचं ठरलं आणि टार्गेट काय, तर 1991 पर्यंत 20 लाख लोक. झाला ना घोळ, 1991 आलं की हो खरंच! आणि लोकल वाशीला पोचली 1992 च्या मे महिन्यात, म्हणजे ज्या सालापर्यंत लोकांनी राहायला यायचं होतं त्याच्या पुढच्या वर्षी त्यांना यायला गाडी मिळाली. ठाणे-वाशी गाडी तर 2004 ला. 2011 च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत 11 लाख 20 हजार माणसं निघाली, आता नवी मुंबईतलेच खारघर, कळंबोली या हद्दीत येत नाहीत असं सांगणारे भेटतीलच, भेटू देत.

सरकारी कचेऱ्या पण तिकडे हलवा असं त्या तिघांचं म्हणणं होतं. सरकारने ऐकून घेतलं आणि नरिमन पॉइंटला समुद्रात भर घातली. सिडकोने स्वतःचं नोंदणीकृत ऑफिससुद्धा नरिमन पॉइंटलाच ठेवलं. हे वहीत लिहून घ्या, नियोजनात दुसऱ्याने शिफ्ट व्हायचं असतं.

अजून एक ट्रिक आहे, मंजुरी सावकाश घ्या. मुंबई महानगर प्रदेशाचा 2016 ते 2036 चा आराखडा मंजूर झाला 2021 ला. वीस वर्षांच्या प्लॅनमधली पाच वर्षं कागद हलण्यातच गेली, तेवढी पाच वर्षं चुका होण्याचा प्रश्नच मिटला.

आता माणसं मोजायची. हे एकदम सोपंय. ठाणे शहर 1991 ला 8 लाख, 2001 ला साडेबारा, 2011 ला 18 लाख 41 हजार. तीन ठिपके मिळाले की पट्टी ठेवायची आणि रेघ ओढायची, वर जाईल तिकडे जाऊ द्यायची. 2021 चा ठिपका कुठंय असं कोणी विचारलं तर जनगणना झालीच नाही म्हणून सांगायचं, आता 2027 ला आहे, तोपर्यंत माणसांना वाढू नका असं तर आपण सांगू शकत नाही ना.

रस्ता, पाणी, गटार, गाडी या गोष्टी माणसं येऊन राहिल्यावर द्यायच्या, आधी नाही. आधी दिल्या तर त्यांना किंमत राहत नाही. आमच्या ठाण्याचा घोडबंदर रोड बघा. मी इथे फ्लॅट बुक केला तेव्हा सेल्स ऑफिसमध्ये काचेखाली मॉडेल होतं, निळ्या कागदाचा स्विमिंग पूल, हिरव्या स्पंजची झाडं, आणि मधोमध खांबांवरून बोटाएवढी मेट्रो, आतमध्ये बारीक लाइट, बटन दाबलं की सर्रर्र करून पातलीपाड्याहून कासारवडवलीला चार सेकंदात. बायको म्हणाली, अहो अजून एकदा दाबा ना. आम्ही तीनदा दाबलं आणि टोकन दिलं. खऱ्या मेट्रोचं भूमिपूजन 2016 ला झालं, आणि मी पुढची कित्येक वर्षं तिच्या बॅरिकेडला घासून ऑफिसला जातोय, मानपाड्याच्या अलीकडे एका बॅरिकेडवर कोणीतरी बोटाने धुळीत 'लवकरच' असं लिहिलेलं, पावसाने पुसलं की परत कोणीतरी लिहायचं. (तो माणूस मला भेटायचाय.)

काम पूर्ण झालं म्हणून लगेच सुरू पण करायचं नसतं हं. ठाणे-वाशी लाइनवरचं दिघा गाव स्टेशन तयार होऊन महिनोन्महिने उभं होतं, समोरून लोकल जायच्या, थांबायच्या नाहीत, शेवटी जानेवारी 2024 ला उद्घाटन मिळालं. नवी मुंबईची बेलापूर-पेंधर मेट्रो, 11 किलोमीटर, 2011 ला पायाभरणी, रूळ तयार, गाड्या तयार, फक्त कापायची फीत आणि कापणारा हात यांची तारीख जुळेना, मग नोव्हेंबर 2023 ला एकदाची बिनउद्घाटनाचीच सोडली. मुहूर्ताशिवाय चालू केली तरी चालते हे लोकांना कळलं, ही फार वाईट सवय लागते, टाळा.

पाण्याचं काय? तर हा विषय शेवटच्या पानावर घ्यायचा. नवी मुंबईकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, दिवसाला 45 कोटी लिटरचं, तेवढ्यावरून ते लोक आमच्याशी जरा वरच्या पट्टीत बोलतात. ठाण्याकडे तलाव आहेत. तलावांचं शहर म्हणतात आम्हाला, स्वतःचं धरण मात्र नाही, भातसा नदी, स्टेम ही पाणी पुरवणारी कंपनी, एमआयडीसी, थोडं मुंबई महापालिकेचं असं चार घरचं मागून भागवतो. मग मॉर्निंग वॉकला तलाव बघायचा आणि घरी येऊन बादली भरायची.

ती बादली भरते आमचा टँकरवाला. पहाटे पाचला गेटवर हॉर्न, वॉचमन पाइप ओढतो, सेक्रेटरी काका लेंग्यावरच खाली येऊन वहीत टिक करतात, आणि अर्धा टँकर रिकामा झाला की टाकीत काठी घालून बघतात, कारण मागे एकदा फसवलं होतं. पाइपच्या जॉइंटला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला आहे, त्यातून रोज एक बादलीभर पाणी रस्त्यावर जातं, त्या ओलीवर आता तुळस उगवलीय.

तुम्हाला खरंच नियोजन शिकायचं असेल तर त्या टँकरवाल्याकडे शिकवणी लावा. मागच्या महिन्यात समोरच्या प्लॉटवर पत्रे ठोकले आणि पायलिंगचं मशीन आलं, आम्ही सगळे आवाजाच्या नावाने बोंबलत होतो, आणि हा आपला गाडी लावून, तंबाखू मळत, शांतपणे त्या बोर्डाकडे बघत उभा. मला म्हणाला, दादा, तुम्हाला वाचता येतं ना, किती मजले लिहिलेत? मी म्हटलं, बेचाळीस, तीन टॉवर. त्याने मनातल्या मनात काहीतरी गुणाकार केला, पझेशन कधी ते विचारलं, आणि तिथल्या तिथे भावाला फोन लावून सांगितलं की दुसऱ्या गाडीचं बुकिंग करून टाक.