वर्षभरात आठ चेंडू

परवा माझी भाची गच्चीवर बसून बॅटला जवसाचं तेल पाजत होती. सरावाची बॅट वेगळी आणि सामन्याची वेगळी, ही सामन्याची. मी चहा घेऊन वर गेले आणि सहज बॅट हातात घेतली. पातं जवळजवळ कोरं. म्हटलं, नवी घेतलीस का? तर म्हणाली, "नाही गं आत्या, गेल्या हंगामाचीच आहे. आठ चेंडू खेळलेत फक्त." मी पातं उन्हात तिरकं धरून पाहिलं. चेंडूचे वळ सहाच होते. उरलेले दोन बॅटला लागलेच नव्हते, हे तिने स्वतःच सांगितलं.

आठ चेंडू. त्यासाठी वर्षभर पहाटे साडेपाचला उठणं, कॉलेजच्या परीक्षा पुढे ढकलणं, दादाने तिला मोटारसायकलवर मागे बसवून चाळीस किलोमीटर लांबच्या नेट्सला नेणं, चार टप्प्यांच्या ट्रायल्स, प्रॉबेबल्सची, म्हणजे संभाव्य खेळाडूंची यादी, शिबिर, आणि शेवटी राज्याच्या संघात पंधरांत नाव. घरात पेढे वाटले होते आम्ही. मग दोन टी-२० सामन्यांत सातव्या क्रमांकावर ती उतरली. एकात तीन चेंडू मिळाले, नाबाद. दुसऱ्यात पाच, शेवटच्या षटकात धावचीत. एका एकदिवसीय सामन्यात दीड तास पॅड बांधून बसली आणि वरच्या पोरींनीच सामना संपवला, ज्याचा तिला मनापासून आनंद झाला. बाकीचे सामने राखीव म्हणून. हंगाम संपला. कोणता संघ ते लिहीत नाही, कारण तक्रार त्या संघाविषयी नाहीच. संघातल्या मोठ्या मुलींनी तिला लेकीसारखं सांभाळलं.

तक्रार अशी आहे की या मुलींना खेळायला दिवसच नाहीत.

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आपल्यापैकी कोणीच विसरणार नाही. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून हरमनप्रीतच्या संघाने विश्वचषक उचलला. माझी आई ८१ वर्षांची आहे, ती रात्री बारापर्यंत जागी होती. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या स्टेटसवर त्याच मुली. मला फार फार आनंद झाला, आणि तेव्हापासूनच हे लिहायचं मनात होतं. कारण त्या अकरा जणी आभाळातून पडलेल्या नाहीत. प्रत्येक जण कुठल्या तरी राज्याच्या संघातून आली आहे, आणि त्या संघाचा एकही सामना आपण बघितलेला नाही.

स्मृती मानधनाचंच घ्या. सांगलीची मुलगी, हे आपण अभिमानाने सांगतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये वडोदऱ्यात १९ वर्षांखालील पश्चिम विभागाच्या सामन्यात महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध तिने १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. ती खेळी मैदानावर बसून बघितलेला एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने सौराष्ट्राविरुद्ध नाबाद २०२ केल्या, त्या आपल्या औरंगाबादला. म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. तिथल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

आपल्याकडे या खेळाची मुळं किती जुनी आहेत, हेही आपण विसरलो. महिलांची पहिली आंतरराज्य राष्ट्रीय स्पर्धा १९७३ मध्ये पुण्यात झाली. संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीनपैकी दोन आपले! त्याच वर्षी वाराणसीला दुसरी स्पर्धा झाली तेव्हा आठ संघ आले होते. त्या पिढीने स्वतःच्या खिशातून तिकिटं काढून, बिनाआरक्षणाच्या डब्यात किटबॅगवर बसून प्रवास केला, शाळांच्या खोल्यांत जमिनीवर झोपून सामने खेळले. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी भारताच्या कर्णधार झाल्या, आणि २००६ मध्ये महिलांची संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली तेव्हा त्याच तिच्या सचिव होत्या. भारताच्या माजी कर्णधार डायना एडल्जींनी तर रेल्वेचा संघ उभा राहावा म्हणून जिवाचं रान केलं.

रेल्वेवर थोडं थांबते, कारण सगळं दुखणं तिथेच नीट कळतं. २००६-०७ पासून बीसीसीआयची वरिष्ठ महिला एकदिवसीय स्पर्धा सुरू झाली आणि तिची बहुतेक विजेतेपदं रेल्वेने नेली. लोक म्हणतात, रेल्वेकडे पैसा, रेल्वेकडे सोयी. खरं कारण साधं आहे. रेल्वेकडे नोकरी होती. पंचविशी उलटलेल्या मुलीला घरचे विचारतात, पुढे काय? रेल्वेची नोकरी असेल तर तिच्याकडे उत्तर असतं. नागपूरची मोना मेश्राम, मुंबईची पूनम राऊत, अशा आपल्या चांगल्या चांगल्या मुली रेल्वेकडून खेळल्या आणि त्यात त्यांचं काहीही चुकलं नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की राज्यांच्या संघांना पंचविशीनंतरची, खेळ पचवलेली बाई मिळायचीच नाही. वीस वर्षांच्या मुली, समोर तीस वर्षांच्या मुरलेल्या खेळाडू. वर्षानुवर्षं हेच.

म्हणून २०२४-२५ मध्ये मध्य प्रदेशने ही स्पर्धा जिंकली तेव्हा मी इथे बसून टाळ्या वाजवल्या होत्या. बंगालविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात क्रांती गौडने चार बळी घेतले, आणि वर्षभरात ती विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होती. छतरपूर जिल्ह्यातल्या लहान गावची मुलगी. राज्याच्या संघाने एका मुलीला दिवस दिले, चेंडू दिले, तर किती लवकर काय होऊ शकतं ते बघा.

आपल्या राज्याचे संघ तीन आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. मुंबई आणि महाराष्ट्र पश्चिम विभागात, विदर्भ मध्य विभागात. ऐकायला तीन म्हणजे पुष्कळ वाटतं. पण महाराष्ट्राच्या संघाचा पसारा बघा: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, नाशिक, जळगाव, मराठवाडा, कोकणाचा मोठा भाग. एवढ्या मुलखातून जागा पंधरा. ज्या जिल्ह्यात टर्फ विकेट, म्हणजे मातीची खरी खेळपट्टी आहे तिथली मुलगी आणि मॅटिंगवर, म्हणजे अंथरलेल्या चटईवर खेळून मोठी झालेली मुलगी, दोघी एकाच ट्रायलला येतात आणि प्रत्येकीला दहा-बारा चेंडू खेळायला मिळतात. त्यात जिचा हात बसला ती पुढे. मी स्वतः कॉलेजात असताना अशा ट्रायल्स दिल्या आहेत. तेव्हा दोन गाड्या बदलून पोहोचले, माझा नंबर सहा तासांनी आला, आणि सहा चेंडूंनंतर "थँक यू, नेक्स्ट" ऐकलं. ते शब्द अजून कानात आहेत. सगळ्याच मुली काही स्मृती नसतात, मीही नव्हते. पण सहा चेंडूंत ते कोणाला कळणार?

किरण नवगिरेची गोष्ट मी घरात भाचीला शंभरदा सांगितली असेल. सोलापूर जिल्ह्यातली मुलगी, आधी भालाफेक, गोळाफेक असे मैदानी खेळ खेळलेली. २०२१-२२ च्या हंगामात ती थेट नागालँडकडून पाहुणी खेळाडू म्हणून उतरली आणि अरुणाचल प्रदेशविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ ठोकल्या. टी-२० मध्ये दीडशेच्या वर जाणारी पहिली भारतीय, पुरुष धरून! त्यानंतर महिलांच्या टी-२० चॅलेंजमध्ये ती आली तेव्हा तिच्या बॅटवर प्रायोजकाचं नाव नव्हतं. तिने पेनाने धोनीचं नाव आणि सात नंबर लिहिला होता. पुढे ती महाराष्ट्राकडे परत आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक केलं. महिलांच्या टी-२० मधलं जगातलं सर्वांत जलद शतक. सोलापूरची मुलगी, महाराष्ट्राचा संघ, मैदान नागपूरचं. आणखी काय हवं होतं आपल्याला? त्या दिवशी टीव्हीवर तो सामना नव्हता. मला रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या स्कोअरकार्डच्या फोटोवरून कळलं.

आता पैशांचं बोलते, कारण घराघरांत निर्णय त्यावरच होतात. डिसेंबर २०२५ मध्ये बीसीसीआयने वरिष्ठ महिलांचं देशांतर्गत मानधन वाढवलं. एकदिवसीय आणि बहुदिवसीय सामन्याला अकरांत असलेल्या मुलीला दिवसाला २०,००० मिळायचे, ते ५०,००० झाले. टी-२० ला २५,०००. राखीव मुलींना त्याच्या निम्मे. ही फार मोठी, फार चांगली गोष्ट आहे आणि ज्यांनी ती घडवली त्यांचे मनापासून आभार. त्याआधी २०२३ मध्ये बक्षिसाची रक्कमही वाढली होती, एकदिवसीय विजेत्यांना सहा लाखांऐवजी पन्नास लाख.

पण हिशेब करून बघा. टी-२० चे साखळीत सात सामने धरा, एकदिवसीयचे सात धरा. सगळे चौदा खेळली तर सव्वापाच लाख. बाद फेरीत संघ गेला नाही, आणि बहुतेक संघ जात नाहीतच, तर वर्ष तिथे संपलं. चौदा दिवस. वर्षाच्या उरलेल्या ३५१ दिवसांत ती स्वतःच्या खर्चाने सराव करते, जिमची फी भरते, बूट घेते, आणि दुखापत झाली तर फिजिओही स्वतःच शोधते. आणि राखीव मुलगी? तिच्या वाट्याला पैसे निम्मे आणि चेंडू शून्य. दर वाढला याचा आनंद आहेच, पण दिवस तेवढेच राहिले तर क्रिकेट वाढणार कसं? सातव्या क्रमांकावर येणारी मुलगी खेळणार कधी आणि शिकणार कधी?

मुलांच्या क्रिकेटमध्ये रणजीचा चार दिवसांचा सामना असतो. पहिल्या डावात शून्यावर बाद झालेल्याला दुसरा डाव मिळतो. आमच्या मुलींना दुसरा डाव नसतो, पुढचा सामना असतो, आणि त्यात कदाचित तिच्या जागी दुसरीच असते. २०२३ च्या डिसेंबरात नवी मुंबईत आपण इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी हरवलं, त्याच महिन्यात वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला हरवलं. त्यानंतर २०२४ मध्ये पुण्यात महिलांची आंतरविभागीय बहुदिवसीय स्पर्धा पुन्हा सुरू झाली. मी त्यातला एक दिवस जाऊन बघितला. उन्हात साठ षटकं यष्टिरक्षण करणारी मुलगी शेवटच्या सत्रातही प्रत्येक चेंडूला पूर्ण खाली बसत होती. स्टँडमध्ये मी, दोन पालक आणि मैदानावरचा एक कर्मचारी. चहाच्या वेळी तो म्हणाला, "मॅडम, या पोरी दमत नाहीत हो." ती स्पर्धा विभागांची होती, म्हणजे पाच-सहा राज्यांतून मिळून एक संघ. मला हवी आहे ती राज्य संघांची तीन किंवा चार दिवसांची स्पर्धा. सुरुवातीला थोड्या संघांची का होईना, पण प्रत्येक मुलीला दोन डाव देणारी.

दुसरं दुखणं बरोबरीचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये १९ वर्षांखालील सामन्यात नागालँडचा संघ केरळविरुद्ध २ धावांत बाद झाला होता. लोक हसले होते, मला ते हसणं आजही बोचतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या चौदा वर्षांच्या इरा जाधवने मेघालयाविरुद्ध नाबाद ३४६ केल्या, मुंबईच्या ३ बाद ५६३, आणि मेघालय १९. इराचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण त्या मेघालयच्या मुलींचा तो दिवस कसा गेला असेल? आता वरिष्ठ गटात एलिट (बलाढ्य संघ) आणि प्लेट (नवखे, दुबळे संघ) अशी विभागणी केली आहे, ते योग्यच झालं. तुल्यबळ संघाशी हरलेल्या सामन्यातून मुलगी काहीतरी घेऊन घरी जाते.

डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची प्रीमियर लीग, तिच्याबद्दल मला प्रेमच आहे. २०२३ पासून तिने या मुलींना ओळख दिली. पण ती महिन्याभराची, पाच संघांची. राज्याच्या संघांत पाचशेहून अधिक मुली खेळतात, त्यांतल्या बहुतेकींना डब्ल्यूपीएल मिळणार नाही, भारताची टोपीही नाही. कोल्हापूरची अनुजा पाटील भारताकडून खेळली आणि वर्षानुवर्षं महाराष्ट्राच्या संघाचा कणा राहिली. अशी एखादी ताई ड्रेसिंग रूममध्ये असते म्हणून शेजारी बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला क्षेत्ररचना कशी लावायची ते कळतं. अशा ताया टिकायला हव्यात. त्यासाठी राज्य सरकारच्या, बँकांच्या, महामंडळांच्या नोकऱ्या फक्त विश्वविजेत्यांनाच का? राज्याकडून पाच हंगाम खेळलेल्या मुलीलाही त्या मिळायला हव्यात. आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मुलींच्या लीग हव्यात, पावसाळा सोडून दर रविवारी, म्हणजे ट्रायलच्या दहा चेंडूंवर कोणाचं नशीब ठरणार नाही. आपल्या वर्तमानपत्रांनी निदान महाराष्ट्र, मुंबई आणि विदर्भ या संघांचं स्कोअरकार्ड तरी रोज छापावं. ज्या मुलीचं नाव छापून येतं तिच्या घरी पुढच्या वर्षीची ट्रायल मागायला सोपं जातं, हे मी अनुभवाने सांगते.

आणि तुमच्या शहरात राज्याचा सामना असेल तर जा. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. पोरांना घेऊन जा, मुलींना तर नक्की न्या. सीमारेषेच्या इतकं जवळ बसता येतं की फिरकी गोलंदाज कर्णधाराला काय सांगते तेही ऐकू येतं.

परवा गच्चीवर उशीर झाला. तेल सुकायला बॅट आडवी ठेवून भाची म्हणाली, "आत्या, ट्रायल पुढच्या महिन्यात आहे. शेवटच्या षटकांत यॉर्करवर दोन धावा कशा काढायच्या तेवढंच करतेय सध्या. संधी तीच मिळणार आहे ना." मग पाण्याच्या टाकीजवळ तिने खडूने क्रीज आखली. टेनिस बॉल ओला करून मी पायात टाकत राहिले, ती खोदून काढत राहिली. अंधार पडेपर्यंत शंभरएक चेंडू झाले असतील.