मुलींना भरतकाम शिकवा म्हणे

आमच्या फॅमिली ग्रुपवर गेला आठवडाभर एकच वाद चाललाय. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराशिवाय सुतार, माळी, कुंभार अशांकडून काहीतरी हातानं शिकायचं असं आहे, तर आत्याचं म्हणणं की मुलींना शिवण-भरतकामच द्या, आमच्या वेळी साखळी टाका, गाठीचा टाका सगळं वहीत चिकटवून मार्क मिळायचे आणि हल्लीच्या पोरींना साधं बटण लावता येत नाही. वहिनी भडकली, मुलींनाच का म्हणून!

दोघींना मी इथल्या म्हणजे लंडनच्या व्ही अँड ए म्युझियममधला एक सँप्लर दाखवला असता. सँप्लर म्हणजे पूर्वी इकडच्या मुली शाळेत टाके शिकताना भरायच्या तो कापडाचा तुकडा, एबीसीडी, आकडे, एखादं स्तोत्र, खाली नाव आणि वय. लोक याच्यामागे वेडे आहेत, 1807 सालचा मेरी अँट्रिम नावाच्या अमेरिकन मुलीचा सँप्लर 2012 मध्ये न्यूयॉर्कला लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेला. पण ती अक्षरं-आकडे कशाला, तर मोठ्या घरातल्या चादरी-टॉवेलांवर मालकाची आद्याक्षरं आणि नंबर भरायला, म्हणजे धुवायला गेलेले कपडे मोजता येतात. श्रीमंताच्या मुलीनं रेशमानं घर, झाडं, मेंढ्या भरायच्या आणि ते दिवाणखान्यात लागायचं. ब्रिस्टलच्या म्युलर अनाथाश्रमातल्या मुली मात्र लाल दोऱ्यानं ओळीच्या ओळी अक्षरं भरायच्या, कारण पुढे मोलकरीण म्हणून काम मिळवायचं तर हात किती सफाईदार आहे ते दाखवायला तेच सर्टिफिकेट.

व्ही अँड ए मधला तो सँप्लर एलिझाबेथ पार्करचा, साधारण 1830 चा. ससेक्समधल्या मजुराची मुलगी, लहानपणीच घरकामाला लागलेली. लाल रेशमानं नुसता मजकूर, एकही फूल नाही. सुरुवातच अशी की मला लिहिता येत नाही म्हणून बोलावं तसं हे इथं मांडते. मालकाच्या वाईट इराद्याला नकार दिला म्हणून त्यानं जिन्यावरून ढकललं, मग जीव द्यावासा वाटला, सगळं फुलीच्या टाक्यात एकेक अक्षर, आणि माझ्या आत्म्याचं काय होणार इथं मजकूर अर्धवटच थांबतो. (ती जगली, पुढे गावात शाळामास्तरीण झाली, 1889 ला वारली.)

त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, 1855 मध्ये, पुण्यात फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखाबद्दल निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदयमध्ये छापूनही आला. सुईवर भागवायची वेळ तिच्यावर आली नाही, शाळेनं तिच्या हातात लेखणी दिली होती. म्हणून आत्याचं संस्कार-संस्कार मला पटत नाही.

पण वहिनीचंही पूर्ण नाही पटत, तिला शिवण म्हटलं की थेट जोखडच दिसतं. इकडे जीन्सची लांबी कमी करून घ्यायला गेलं की बिल बघून डोळे पांढरे होतात, आणि सुट्टीत घरी आलं की आम्हीच कोपऱ्यावरच्या टेलरकाकांशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. टाक्याला किंमत नाही तर मुलगे शिकतील कशाला? टेलरकाकांनाच त्या दहा दिवसांत वर्गात बोलवा, बऱ्यापैकी मानधन द्या आणि समोर सगळ्या मुलामुलींना बसवा. ग्रुपवर हे टाकलं तर आत्यानं अंगठा दिला, वहिनी अजून टाइप करतेय.