दहा रुपयांची जीभ

भस्म बुधवारी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो. त्या दिवशीच्या उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, "या चाळीस दिवसांत तुम्ही काय सोडणार?" मी बाकावर बसल्या बसल्या ठरवून टाकलं, यंदा चहाड्या आणि हेवा. मटण सोडण्यात काही राम नाही, ते ह्यांच्या युरिक अ‍ॅसिडमुळे घरात तसंही बंदच आहे. चहा एकदा सोडून पाहिला होता. चौथ्या दिवशी ह्यांनीच स्वतःच्या हातानं करून पाजला, घरातल्या शांततेसाठी.

उपासना सुटली. चर्चच्या फाटकापासून रिक्षा स्टँड चार मिनिटांवर आहे. तिसऱ्या मिनिटाला मी ह्यांना म्हटलं, "पाहिलंत का, आयर्लंडताई आजच्या दिवशीसुद्धा रेशमी नेसून आल्या होत्या."

हे थांबले. "तू काय सोडलं होतंस?"

घरी आल्यावर ह्यांनी बोर्नव्हिटाचा रिकामा डबा धुतला, झाकणाला चीर पाडली आणि टेबलावर ठेवला. एका चहाडीला दहा रुपये. ईस्टरला डबा फोडायचा आणि रक्कम अर्पण करायची. हे निवृत्त गणित शिक्षक. माणूस निवृत्त होतो, शिक्षक होत नाही.

आयर्लंडताईंचं खरं नाव वेगळं. त्यांची मुलगी आयर्लंडला नर्स आहे, म्हणून मी त्यांना मनात असं म्हणते. आमच्या नगरच्या मंडळीत घरटी एक नर्स आणि एक शिक्षक निघतोच, त्यामुळे नर्स असण्याचं कुणाला कौतुक नाही. कौतुक आयर्लंडचं. माझा मुलगा चाकणला आहे. चाकणहून कुरियर येत नाही. आयर्लंडहून येतं, आणि ते आलं की पुढच्या रविवारी चर्चमध्ये दिसतं. या वर्षी आली होती पाण्याची बाटली. स्टीलची, निळी, आत ओतलेलं पाणी चोवीस तास गार ठेवणारी. पहिल्या आठवड्यातच त्या बाटलीनं माझे तीस रुपये खाल्ले.

चहाडी ऐकू तरी येते, पण हेवा कसा मोजायचा, असा ह्यांना प्रश्न पडला. तो लवकरच सुटला. मला हेवा वाटला की मी भांडी घासायला घेते, घासलेलीसुद्धा. "आतून कुकरच्या झाकणाचा आवाज आला, दहा टाक," असं हे पेपरमागून म्हणायचे. बायबलातल्या शलमोन राजाच्या नीतिसूत्रांच्या चौदाव्या अध्यायात म्हटलंय, मत्सरानं हाडं कुजतात. डॉक्टर माझ्या गुडघ्यांना कॅल्शियम देतात. शलमोनानं एका ओळीत निदान केलं होतं, तेही बिनफीचं.

मोशेच्या बहिणीची, मिर्यामची, गोष्टही ह्यांनी मुद्दाम रात्रीच्या प्रार्थनेत वाचून दाखवली. मोशेनं कूश देशातली बायको केली म्हणून ती त्याच्याविरुद्ध बोलली, तिच्या अंगावर कोड फुटलं, सात दिवस छावणीबाहेर राहावं लागलं. मी म्हटलं, "त्यांचा भाऊ अहरोनही बोलला होता. त्याला का नाही फुटलं?" ह्यांनी शास्त्र मिटलं आणि "आमेन" म्हणाले.

खरी गुंतागुंत व्हायची ती प्रार्थनेच्या विषयांची. आमच्यात कुणी "अमक्याच्या मुलाचं लग्न मोडलं" असं उघड्या तोंडानं म्हणत नाही. "अमक्याच्या घरासाठी प्रार्थना करा हं," म्हणायचं. ऐकणारी डोळे मिटायच्या आत विचारते, "का, काय झालं?" मग तपशील. तपशिलाशिवाय प्रार्थना नेमकी कशी करणार? नगरला 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली सुरू झालं, पण बातम्यांच्या बाबतीत आमच्या महिला मंडळाला छापखान्याची गरज कधीच पडलेली नाही. यावर ह्यांनी नियम काढला: देवाला आधी सांगितलं असेल तर प्रार्थना, शेजारणीला आधी सांगितलं असेल तर दहा रुपये. मी एकदा स्वयंपाकघरात जाऊन घाईघाईनं देवाला सांगून आले. हे म्हणाले, "ओट्याजवळ फोन होता. दहा."

मग मला पळवाट सापडली. भस्म बुधवार ते ईस्टरची आदली रात्र, दिवस होतात शेहेचाळीस. चाळीस कसे? तर मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, रविवार पुनरुत्थानाचा दिवस. म्हणजे रविवारी सूट! मी हे ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रमेय सुटल्यासारखा भाव आला आणि त्यांनी ते मान्य केलं. नंतरच्या प्रत्येक रविवारी चर्चच्या चिंचेखाली मी आठवड्याची सगळी बाकी चुकती करायचे. सोमवारी तोंड इतकं रिकामं असायचं की दिवसभर पुण्यवान वाटायचं.

बुधवारपर्यंत.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या आठवड्यात उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) सात उद्गारांची यादी लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते, आणि ख्रिस्तानं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पहिला उद्गार क्षमेचा. त्या वेळी मंडळी ताजी असते, पंखे चालू असतात, सगळे जागे असतात. पाचवा उद्गार, "मला तहान लागली आहे." तो येतो दोनच्या सुमाराला. मंडळी उपाशी, बाहेर नगरचं ऊन, आणि वीज बहुधा चौथ्या उद्गाराला जाते. यादीत पहिल्यासमोर आयर्लंडताई होत्या. पाचव्यासमोर मी. सलग तिसऱ्या वर्षी.

त्या संध्याकाळी मी माळ्यावरची पितळी भांडीसुद्धा काढून घासली. ह्यांनी मोजणं सोडून दिलं आणि सरसकट पन्नास लावले.

उत्तम शुक्रवारी आयर्लंडताई बोलल्या. बऱ्या बोलल्या. (हे मी आज लिहिते आहे. त्या दिवशी मी मनात त्यांचे शुद्धलेखनाचे दोष काढत होते, बोलण्यात.) वीज चौथ्या उद्गाराला गेली. मी पुलपिटावर चढले. तीन रात्री जागून लिहिलेले चार कागद समोर ठेवले, विहिरीवर येशूनं जिच्याकडे पाणी मागितलं त्या शोमरोनी बाईपासून सुरुवात करायची होती. तोंड उघडलं, "मला तहान लागली आहे," एवढं म्हटलं आणि आवाज बसला. खाकरले. पुन्हा म्हटलं, "मला तहान..." पुढे नुसती हवा. मंडळीला आधी वाटलं मी भावुक झाले. मागच्या बाकावरची दोन-तीन डोकी तर जागी झाली. तिसऱ्यांदा मी ते वाक्य म्हणू लागले तेव्हा ते शास्त्रवचन राहिलं नव्हतं.

पुढच्या बाकावरून आयर्लंडताई उठल्या. पायऱ्या चढून आल्या, निळ्या बाटलीचं झाकण फिरवलं आणि माझ्यापुढे धरली.

काय गार पाणी होतं! सकाळी भरलेलं, दुपारी दोनला, त्या भट्टीत. जाहिरातीत खोटं काही नव्हतं. मी अर्धी बाटली प्याले. मंडळीत कुणीतरी लहान मूल खुदकन हसलं, आणि उत्तम शुक्रवारी हसू नये म्हणून बाकीचे रुमाल तोंडाला लावून बसले. माझे चार कागद तसेच राहिले. मी एवढंच म्हणाले, "त्याला आंब मिळाली होती, आंबट द्राक्षारस," आणि खाली उतरले. पाळकसाहेब नंतर म्हणाले, पाचवा उद्गार इतका थोडक्यात आणि इतका चांगला कधी झाला नव्हता.

शनिवारी रात्री डबा फोडला. ह्यांनी नोटा आणि नाणी लावून मोजली, पुन्हा मोजली आणि माझ्याकडे पाहिलं. "चारशे नव्वद."

"मग?"

"साताच्या सत्तर वेळा."

शिष्य पेत्रानं येशूला विचारलं होतं, भावाला किती वेळा क्षमा करायची. त्याचं हे उत्तर. मी खुर्चीत बसले. ह्यांनी सवयीनं खिशातून वरचा एक रुपया काढला. मी त्यांचा हात धरला. चारशे एक्क्याण्णवाव्याचं काय, हे शास्त्रात लिहिलेलं नाही.

ईस्टरच्या उपासनेनंतर खजिनदारांनी विशेष अर्पणं वाचून दाखवली. माझ्या नावापुढे, "उपवासकाळात आत्मसंयमानं साठवलेले, रुपये ४९०." टाळ्या पडल्या. बाहेर चिंचेखाली आयर्लंडताई पांढऱ्या साडीत, बाटली हातात घेऊन, माझ्याकडेच आल्या.

"जय ख्रिस्त! एवढे कसे हो साठवलेत? मला तर दोनशेसुद्धा जमले नाहीत. काय सोडलं होतंत?"

हे माझ्या मागे उभे होते. त्यांना एकाएकी खोकला आला.

"तुमचा मोठा हातभार होता, ताई," मी म्हटलं.

"माझा? अहो, मी काय केलं!" त्या लाजल्या आणि बाटली पुढे केली. "घ्या, पाणी घ्या. ह्यांना खोकला लागलाय बघा."