शाफचं खेळाडूपण दोन ओळींत?

जर्मन फुटबॉल प्रशिक्षक थॉमस शाफवरचा तुमचा लेख आवडला, पण त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द दोन ओळींत उरकलीत, ते खटकलं. हा बचावपटू वेर्डर ब्रेमेन या जर्मन क्लबच्या बालसंघातून वर आला आणि १९९५ला निवृत्त होईपर्यंत दुसऱ्या क्लबकडे गेलाच नाही. १९८८ आणि १९९३चं बुंडेसलीगा (जर्मनीची अव्वल लीग) विजेतेपद, १९९२चा युरोपियन कप विनर्स कप, सगळं प्रशिक्षक ऑटो रेहागेलच्या हाताखाली. फार चमकणारा नव्हता म्हणा.

मे १९९९मध्ये संघ गाळात असताना प्रशिक्षक मागाटच्या जागी शाफला आणलं. महिन्याभरात जर्मन कपची फायनल, समोर बलाढ्य बायर्न म्युनिक! पेनल्टी शूटआउटमध्ये ब्रेमेनचा गोलरक्षक रोस्टने आधी स्वतः गोल मारला आणि मग बायर्नच्या माटेउसचा फटका अडवून कप जिंकून दिला. २००४ला तर लीग आणि कप दोन्ही; लीगवर शिक्कामोर्तब थेट म्युनिकमध्ये, बायर्नलाच ३-१ने हरवून. ब्रेमेनचा आघाडीपटू आयल्टनचे त्या मोसमात २८ गोल!

लेखात २०२१चा उल्लेखच नाही. शेवटच्या एका सामन्यासाठी क्लबने त्याला परत बोलावलं, ग्लाडबाख क्लबकडून २-४ हरले आणि ब्रेमेन खालच्या लीगमध्ये गेलं. एका सामन्यात तो तरी काय करणार होता? तरी आला, याचंच मला जास्त अप्रूप.