ताशी आठ किलोमीटर

"एक गाडी नाही, एक सिग्नल नाही, चढ तर नाहीच नाही," ताई म्हणाली होती. "दोन्हीकडे झाडं, मध्ये कालवा, आणि काठाकाठाने आपण दोघं."

तिचं जवळजवळ सगळं खरं निघालं. दुखणं तेच आहे. खोटं निघालं असतं तर निदान भांडता आलं असतं.

दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राच्या कडेच्या खाजणापर्यंत कॅनाल द्यु मिदी नावाचा २४० किलोमीटरचा कालवा आहे. पूर्वी घोडे काठावरून चालत दोरांनी होड्या ओढायचे. घोडे गेले, वाट राहिली, आणि आता तिच्यावरून आमच्यासारखे लोक हौसेने सायकली चालवतात. ताई बासष्टची, मी चोपन्नचा. ती इतिहासाची निवृत्त शिक्षिका आहे. निवृत्त शाळेतून, इतिहासातून नव्हे.

तुलूझमधून निघालो तेव्हा वाट इतकी गुळगुळीत डांबरी होती, की आपण उगाच घाबरत होतो असं वाटलं. पहिले ५० किलोमीटर हे असंच. कालवा नोरूझच्या खिंडीपर्यंत चढतो खरा, पण ती खिंड समुद्रसपाटीपासून अवघी १८९ मीटर उंच. म्हणजे ५० किलोमीटरमध्ये साठएक मीटरचा चढ. एवढा चढ डोळ्यांना दिसत नाही. मांड्यांना दिसतो.

सपाट रस्त्याबद्दल लोक फार चांगलं बोलतात. ते बहुधा गाडीतून गेलेले असतात. घाटात माणूस रडतकुढत चढतो, पण माथ्यावर पोहोचला की पुढचा उतार त्याच्या हक्काचा. सपाट रस्त्यावर हक्काचं काहीच नसतं. पाय थांबले की सायकल थांबली. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत घाण्याच्या बैलासारखं फिरायचं, आणि चढ नसल्यामुळे सीटवरून उठायलाही निमित्त नाही. तिसऱ्या दिवशी मी उभ्याने नाश्ता केला.

त्यात वारा. त्या भागात समुद्राकडून ओतां नावाचा एक वारा येतो. तो लागला की माणसं भ्रमिष्ट होतात अशी तिथली जुनी समजूत. आम्ही समुद्राकडे निघालेलो, तो समुद्राकडून निघालेला, आणि वाट एकच. गाड्या नसलेल्या रस्त्यावर आणखी एक अडचण असते, ती कुणी आधी सांगत नाही. तिथे शिव्या घालायला कुणी नसतं. माझी अर्धी ताकद एरवी मागून भोंगा वाजवणाऱ्यांच्या रागातून येते. इथे राग कुणावर काढणार? शेवटी मी एका बदकावर ओरडलो.

"त्याचा रस्ता आहे तो," ताई म्हणाली.

नोरूझच्या आसपास डांबर संपलं आणि मातीची पायवाट सुरू झाली. कालव्याकाठची ती प्रसिद्ध प्लेनची (चिनारच्या जातीची) झाडं फोटोत फार देखणी दिसतात. फोटोत मुळं येत नाहीत. ही झाडं मुळांनी काठ धरून ठेवतात, म्हणून ती तिथे हवीत हे मान्य. पण काठ धरून झाल्यावर उरलेली मुळं त्यांनी आमच्या वाटेवर आडवी पसरून ठेवली आहेत. एकेक मूळ म्हणजे एकेक गतिरोधक. गाड्या नसलेल्या रस्त्यावर एवढे गतिरोधक मी जन्मात पाहिले नव्हते. जिथे मुळं नव्हती तिथे झाडंच नव्हती, नुसते बुंधे. २००६ पासून एका बुरशीने या झाडांना ग्रासलंय, लागण झालेली झाडं तोडून जाळावी लागतात. एकूण ४२ हजारांच्या आसपास झाडं होती, त्यातली हजारो गेली. त्या उघड्या काठावरून जाताना मी मुळांबद्दल काही बोललो नाही. ऊनही होतंच.

होडी पहिल्यांदा दिसली ती कास्तेलनोदारीला. तिथे चार टप्प्यांचं लॉक आहे, म्हणजे होडीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दारांचे हौद. दार उघडतं, होडी आत जाते, दार बंद होतं, पाणी खाली जातं, पुढचं दार उघडतं, आणि असं चार वेळा. निळ्या पट्ट्याची भाड्याची होडी, तिच्यावर एक म्हातारं जोडपं आणि एक जाडा कुत्रा. त्यांनी हात केला, आम्ही घंटी वाजवली आणि पुढे सटकलो. कालव्यात होड्यांना ताशी ८ किलोमीटरची मर्यादा आहे हे मला ताईनेच सांगितलं होतं. त्या क्षणी मला त्यांची मनापासून कीव आली.

दोन तासांनी माझं पंक्चर झालं. वाहनमुक्त वाट म्हणजे पंक्चरवालामुक्त वाटही, हे तेव्हा लक्षात आलं. मी ट्यूब काढून कालव्याच्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होतो, ताई शेजारी बसून शिकवत होती. "ही लॉकं बघ, अंडाकृती आहेत. आधी भिंती सरळ बांधल्या होत्या. मातीच्या दाबाने कोसळल्या, मग कालवा बांधणाऱ्या रिकेने त्यांना बाक दिला."

एवढ्यात होडी आली. जोडप्याने हात केला. कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं.

हा पिएर-पॉल रिके म्हणजे ताईचा देव. मिठाचा कर वसूल करणारा माणूस, इंजिनिअरिंगचं शिक्षण नाही, आणि पन्नाशी उलटल्यावर फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कोल्बेर नावाच्या मंत्र्याला कालव्याची योजना लिहून पाठवतो. १६६६ मध्ये राजाची परवानगी मिळाली. एका वेळी १२ हजारांपर्यंत माणसं कामावर होती, त्यात बायकाही पुष्कळ. स्वतःचा पैसा ओतला, कर्ज काढलं, आणि १६८० मध्ये काम संपत आलेलं असताना वारला. कालवा खुला झाला १६८१ मध्ये. "काही महिन्यांनी हुकलं रे त्याचं," असं ताई दर दिवशी एकदा म्हणायची. माझाही शेवट काही किलोमीटरने हुकणार अशी माझी खात्री होत चालली होती.

कार्कासोनला आम्ही एक दिवस मुक्काम केला. किल्ला अप्रतिम आहे, दुहेरी तट, बुरुजच बुरुज, टोकदार छपरं. छपरं एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्युक नावाच्या वास्तुकाराने बसवली, आणि त्यावरून तेव्हापासून वाद चालू आहे. मला मात्र त्या गावाची दुसरी गोष्ट जास्त भावली. कालवा खणला जात असताना या गावाने वर्गणी द्यायला नकार दिला, म्हणून कालवा गावाला वळसा घालून गेला. पुढे सव्वाशे वर्षांनी चूक उमगली आणि १८१० मध्ये कालवा गावात आणला. वर्गणी चुकवणाऱ्यांना इतकी चोख शिक्षा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

बंदरात निळ्या पट्ट्याची होडी उभी होती. आजीबाई कपडे वाळत घालत होत्या.

"लॉकं आहेत तोवर आपण पुढे," मी ताईला म्हटलं. दुपारी लॉकवाल्यांची जेवणाची सुट्टी होते, तेव्हा होड्या तासभर ताटकळतात, आणि आपण सुसाट. हे गणित अगदी बरोबर होतं. फक्त आर्जांस गावानंतर ५४ किलोमीटर एकही लॉक नाही, ही माहिती ताईने मला आर्जांसला दिली.

लॉक टाळण्यासाठी रिकेने तिथे पाण्याची पातळी एकच धरली आणि टेकड्यांच्या कडेकडेने कालवा फिरवला. होडीत बसलेल्याला ती नागमोडी वळणं रम्य वाटतात. सायकलवाल्याला समोरच्या काठावर, हाकेच्या अंतरावर, तासाभराने आपण जिथे असणार ती जागा आत्ताच दिसते. मुळं, वारा, वळण, परत मुळं. मागून इंजिनाचा संथ घर्र आवाज आला. मी जोर लावला. आवाज शेजारी आला. सुमारे दहा मिनिटं आम्ही बरोबरीने चाललो. आजोबांनी कॉफीचा कप उंच करून विचारलं, मी मान हलवून नाही म्हटलं. स्वाभिमानाचा प्रश्न होता. मग ते पुढे गेले, आणि बराच वेळ कुत्रा होडीच्या मागच्या टोकावर उभा राहून आमच्याकडे बघत होता.

मालपासला टेकडी आडवी आली. १६७९ मध्ये रिकेने ती आरपार पोखरून कालव्यासाठी बोगदा काढला, सुमारे १६५ मीटरचा. होड्या बोगद्यातून जातात. सायकली टेकडीवरून.

"चढ नाही म्हणाली होतीस."

"कालव्याला नाही म्हटलं होतं," ताई म्हणाली आणि उतरून सायकल ढकलू लागली.

बेझिएजवळ फोंसेरानला पोहोचलो तेव्हा माझा उजवा गुडघा आणि डावं पेडल एकाच सुरात वाजत होतं. तिथे कालवा एकाला एक लागून असलेल्या लॉकांच्या जिन्याने खाली उतरतो. सगळ्यात वरच्या दारापाशी होड्यांची रांग, आणि रांगेत पहिली निळ्या पट्ट्याची. आजोबांनी आम्हाला पाहून दोन्ही हात वर केले. मी मनात हिशेब केला: होडीला हा जिना उतरायला पाऊण तास तरी, आम्हाला दोन मिनिटं. शेवटी आम्हीच पुढे.

तेवढ्यात आजीबाई काठावर आल्या आणि गुडघा धरून खुणेने काहीतरी सांगू लागल्या. इथे होडीतलं एक माणूस खाली उतरून दोर धरतं आणि टप्प्याटप्प्याने होडी पुढे ओढत नेतं, ते काम आज त्यांच्याच्याने होईना. त्यांचा गुडघा डावा होता, माझा उजवा. एवढं सांगण्यापुरती फ्रेंच मला येत नव्हती. मी काही बोलायच्या आत ताईने दोन्ही सायकली होडीच्या टपावर चढवल्या, स्वतः खुर्चीत बसली, आणि कुत्र्याने तिच्या पायावर डोकं टेकलं.

दोर माझ्या हातात आला. दार उघडलं. मी खांदा दिला आणि ओढू लागलो.

"पूर्वी इथे घोडे असायचे," ताई वरून म्हणाली, आणि तिने कॉफीचा कप घेतला.