सगळ्यांचा शेवट खेकड्यात? चिंबोरी उलटी करून बघा

मोबाईलवर फिरणारा मजकूर असा: "निसर्गाने खेकडा पाच वेळा वेगवेगळा घडवला. तोच परिपूर्ण आकार. सगळे प्राणी शेवटी खेकडेच होणार, माणूससुद्धा." यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे, किमान पाच वेळा हे घडलंय. त्याच्या जोरावर पुढची दोन चुकीची वाक्यं खपतात, हे वाईट.

"सगळे प्राणी." नाही. हे सगळं कोळंबी, शेवंड, खेकडे यांच्या एकाच गणात घडलं, आणि तिथेही दोनच जवळच्या शाखांत: खरे खेकडे आणि शंखात राहणाऱ्या हर्मिट क्रॅबचं गणगोत. या शाखांकडे कडक कवच आणि दुमडता येईल अशी शेपटी आधीपासून होती. मासा, गोगलगाय यांच्यापैकी कुणीही खेकडा झालेलं नाही. माणसाचा तर सांगाडाच आत आहे.

"तोच आकार." बाजारातली चिंबोरी उलटी करा. पोटाला चिकटलेली पट्टी दिसेल, नराची निमुळती, मादीची रुंद. ती शेपटी आहे. शेवंडाची मागे पसरलेली मांसल शेपटी इथे पातळ होऊन छातीखाली दुमडली, कवच रुंद आणि चपटं झालं. या बदलाला प्राणिशास्त्रज्ञ बोराडेल यांनी 1916 मध्ये कार्सिनायझेशन म्हटलं. आता हर्मिट क्रॅबच्या गणगोतातला पोर्सिलेन क्रॅब घ्या. डेंग्यांमागे पायांच्या चार नव्हे, तीनच जोड्या दिसतात, चौथी बारीक होऊन मुडपलेली असते. लांब मिशा डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूने निघतात. त्याच गणगोतातल्या किंग क्रॅबच्या मादीची पट्टी तर एका अंगाला वाकडी असते. शंखात पिळून बसणाऱ्या पूर्वजांची ती खूण. वरून सारखे दिसणारे हे प्राणी पोटाकडून लगेच वेगळे ओळखू येतात.

"परिपूर्ण आकार." शेपटी दुमडली की शत्रूच्या तोंडी लागणारा मऊ भाग झाकला जातो, फटीत शिरता येतं, आडवं पळणं सोपं होतं. पण कोळंबी धोका दिसताच शेपटीचा फटका मारून मागे उसळते, ती युक्ती खेकड्याने गमावली. कोळंबी आणि शेवंड आजही मजेत जगताहेत. शिवाय उलटा प्रवासही झालाय. वाळूत पुरून घेणाऱ्या बेडूक-खेकड्यांचं कवच पुन्हा लांबट झालं. कोलंबियात सापडलेल्या, 2019 मध्ये नोंदवलेल्या कॅलिकिमेरा या 9 कोटी वर्षांहून जुन्या खेकड्याला टपोरे डोळे होते आणि पोहायला वल्ह्यासारखे पाय.