अर्धे जठर ठेवले म्हणजे कॅन्सर ठेवला का?

‘जठराचा कॅन्सर वर असो की खाली, रोग एकच, म्हणून जठर संपूर्ण काढून घ्या, वरची गाठ असेल तर प्लीहाही (जठराशेजारचा, रक्त गाळणारा अवयव) काढा, अर्धे ठेवणे म्हणजे रोग घरात ठेवणे’, असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. काळजीपोटी तो पुढे पाठवला जात असला, तरी त्यातला एकही मुद्दा सरसकट खरा नाही.

रोग एकच, हे आधी पाहू. अन्ननलिकेच्या तोंडाशी गाठ असेल तर भाकरीचा घास छातीत अडकतो. आतड्याकडच्या टोकाशी असेल तर रात्री खाल्लेला भात सकाळी उलटीत तसाच पडतो. खालच्या गाठींमागे बहुधा हेलिकोबॅक्टर जंतूचा जुना संसर्ग असतो, तर अगदी वरच्या गाठींचा संबंध लठ्ठपणाशी आणि आम्ल वर येण्याशीही आढळतो. वरच्या गाठींचे निकाल सहसा कमी चांगले लागतात खरे, पण निदानाला झालेला उशीर हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

संपूर्ण जठर काढण्याचा आग्रह मात्र सर्वांत जास्त नुकसान करणारा आहे. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील चाचणीत जठराच्या खालच्या भागात गाठ असलेल्या 618 रुग्णांपैकी काहींचे जठर अंशतः, तर काहींचे पूर्ण काढले होते. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे 65 आणि 62 टक्के निघाले. गाठीभोवतीची कड निरोगी निघणे आणि आसपासच्या लसीका ग्रंथी (लिम्फ नोड, ज्यांत कॅन्सर आधी पसरतो) नीट काढणे महत्त्वाचे असते, आणि खालच्या गाठीत ते जठराचा वरचा भाग राखूनही साधते. गाठ वर असेल किंवा रोग जठराच्या भिंतीत सर्वत्र पसरला असेल, तर बहुधा पूर्ण जठर काढावे लागते. म्हणजे गाठ कुठे आहे आणि रोग किती पसरला आहे यावर निर्णय ठरतो, आणि नेमकी गाठीची जागाच या मजकुराने मोडीत काढली आहे.

प्लीहेचा मुद्दा जपानमधील एका चाचणीने निकालात काढला. जठराच्या बाहेरच्या मोठ्या वक्र कडेपर्यंत न पोचलेल्या वरच्या गाठींच्या 505 रुग्णांत प्लीहा काढून जगण्याचे प्रमाण वाढले नाही, गुंतागुंती मात्र वाढल्या.

पूर्ण जठर गेले की बी-12 जीवनसत्त्व शोषून घेण्यासाठी लागणारा घटकही जातो आणि त्याची इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे ती टाळणाऱ्याला सुरुवातीला काहीच जाणवत नाही. हातापायांना मुंग्या येऊ लागतात तेव्हा ऑपरेशनची आठवणही जुनी झालेली असते.